रेषेतली माणसे

चित्रातले पात्र जिवंत वाटते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा आपल्या मनात साम्याचा विचार असतो. नाक-डोळे हुबेहूब उतरले, अंगावर उजेड बरोबर पडला, म्हणजे चित्रात जीव आला, अशी ही समजूत आहे. आमच्या बोथपासून फार दूर नसलेल्या निर्मलचे कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडातून फळे कोरतात आणि रंगवतात. ती ताटात मांडली तर नवखा पाहुणा हात पुढे करील, इतके साम्य पक्के असते. परंतु हे फळ कधी काळी झाडाला लागले होते, असे कोणाच्याही मनात येत नाही. डोळा फसणे ही एक गोष्ट आहे आणि समोर कोणी आहे याची खात्री पटणे ही अगदी दुसरी.

जपानी हस्तचित्रित चित्रपटांतील माणसे याच्या नेमकी उलट असतात. त्यांच्या चेहऱ्यावर साम्य असे जवळजवळ नसतेच. नाकाच्या जागी एक लहानशी रेघ, ओठांच्या जागी दुसरी, गालांवर सपाट रंग. आमच्या घरातील नातवंडे दूरदर्शन संचावर हिंदीतून जो ‘डोरेमॉन’ पाहतात, त्यातील नोबिता म्हणजे दोन वाटोळी भिंगे आणि त्याखाली तोंड. तरीही हा आळशी, रडवा, परीक्षेत शून्य मिळवणारा मुलगा मुलांना शेजारचाच वाटतो. घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि पडद्यावर हिंदी असा तिपेडी भाषाव्यवहार करणाऱ्या मुलांना तो कोणत्या देशाचा आहे, हा प्रश्नच पडत नाही.

हे कशाने घडते? पुष्कळ चित्रे काढली म्हणून घडते, असे म्हणावे तर इतिहास त्याला साक्ष देत नाही. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी जातात. अमेरिकेत डिस्नेच्या चित्रशाळेत २४ किंवा निदान १२ वेगळी चित्रे काढण्याचा प्रघात होता. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘टेत्सुवान आतोमु’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला एक भाग देण्याची सोय करण्यासाठी चित्रांची संख्या फार खाली आणावी लागली. एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायचे, बोलताना केवळ तोंड हलवायचे, एकदा काढलेली हालचाल पुन्हा वापरायची. ही काटकसर होती, कलातत्त्व नव्हते. पण चित्रे मोजकी असली की कोणती काढावीत याचा विचार करावाच लागतो. पुढे हाती अधिक पैसा आणि वेळ आला, तेव्हाही हा निवडीचा विवेक तेथील उत्तम चित्रकारांनी सोडला नाही.

हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) या चित्रपटातील बसथांब्याचा प्रसंग घ्यावा. पाऊस पडतो आहे, वडिलांची बस आलेली नाही. दहा-अकरा वर्षांची सात्सुकी झोपी गेलेल्या धाकट्या बहिणीला पाठीवर घेऊन, खांद्याशी छत्री टेकवून उभी आहे. ती मेईला जरा वर उचलून सावरते. कथेच्या दृष्टीने यात काही घडत नाही. पण मेईला वजन आहे हे आपल्याला तेथे कळते, आणि वजन असलेली मुलगी ही रेषा राहत नाही. कडेवरचे पोर झोपले की दुप्पट जड होते, हे आपल्याकडील कोणत्याही थोरल्या बहिणीस ठाऊक असते. त्या चित्रकारालाही ते ठाऊक होते, आणि ते कागदावर उतरवण्याइतके त्याला ते महत्त्वाचे वाटले.

आमचे आयुष्य सरकारी कागदपत्रांत गेले, म्हणून एक उदाहरण सहज सुचते. पंचनाम्यात माणसाचे वर्णन असते: वय, बांधा, रंग, डाव्या गालावर तीळ. असे शेकडो कागद डोळ्यांखालून गेले, पण त्यांतील एकही माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला नाही. एखाद्या कागदात मात्र लिहिणाऱ्याच्या हातून नकळत निसटून गेलेले असे, की अर्जदाराने चपला बाहेर काढल्या आणि जबाब संपेपर्यंत तो उभाच राहिला. तेवढ्यावर तो माणूस आमच्या लक्षात राही. ओळख पटवण्यासाठी तीळ लागतो. माणूस कळण्यासाठी त्या चपला लागतात. मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मधील दहा वर्षांची चिहिरो बूट घातल्यावर पुढचे टोक जमिनीवर आपटून पाय नीट बसवते. ती भुताखेतांच्या राज्यात अडकली आहे, आईबापांची डुकरे झाली आहेत, आणि तरीही बूट नीट बसलेला नाही. संकटातही हात-पाय आपल्या सवयी सोडत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच हे सुचते.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे भार आहे तो अनुभावांवर. भाव दिसत नाही, त्याचे शरीरावर उमटलेले कार्य दिसते. भरतमुनींनी जे आठ सात्त्विक भाव सांगितले त्यांत स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथू, अश्रू येतात. हे सारे शरीरानेच करावयाचे आहेत, आणि नटाला ते ठरवून साधणे सर्वांत अवघड जाते. नटाच्या अंगावर काटा आलेला मागच्या रांगेतील प्रेक्षकाला कसा दिसावा? मियाझाकींची पात्रे दचकली, संतापली किंवा गहिवरली की त्यांचे केस खरोखरच फुलून वर येतात. अश्रू येतात ते टपोरे, डोळ्यांत न मावणारे. वास्तवात असे होत नाही हे चित्रकारास माहीत आहे आणि पाहणाऱ्यासही. पण आतून तसेच वाटते याची साक्ष प्रत्येकाचे शरीर देते. साम्य सोडून सत्य धरण्याचा हा प्रकार आहे, आणि नाट्यशास्त्र वाचलेल्या आपल्या लोकांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा इसाओ ताकाहाता यांचा चित्रपट ‘टोटोरो’बरोबर एकाच दिवशी, १६ एप्रिल १९८८ रोजी, प्रदर्शित झाला. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ मधील कथेवर तो आधारलेला आहे, आणि त्या कथेमागे युद्धकाळात उपासमारीने गेलेली लेखकाची धाकटी बहीण आहे. १९४५ च्या कोबे शहरावरील बाँबहल्ल्यात आई भाजते. सेइताने तिला पाहिले आहे, चार वर्षांच्या सेत्सुकोने नाही. शाळेच्या मैदानात सेत्सुको उकिडवी बसून रडू लागते, आणि भाऊ काय करतो? तो आडव्या लोखंडी दांड्यावर कोलांट्या घेऊ लागतो. तो तिला जवळ घेत नाही, आईविषयी काही सांगतही नाही. समजूत कशी घालावी हे न कळलेला चौदा वर्षांचा मुलगा आपल्याला जे येते ते करून दाखवतो. आमच्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत करुण जागा ही आहे. पुढे येणारा मृत्यूही तिच्याइतका आत जात नाही. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने येथे भाऊबहिणीची गळाभेट घातली असती आणि वाद्यवृंद वाढवला असता.

याच ताकाहातांचा ‘ओन्ली यस्टरडे’ (१९९१) मात्र उलट बाजूने उपयोगी पडतो. त्यात मोठ्या वयाच्या नायिकेचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यांबरहुकूम ओठ आणि गालांचे स्नायू रेखाटले गेले. मेहनत अपार आहे, पण हसताना उमटणाऱ्या त्या गालांच्या रेषांनी ती अधिक जिवंत न होता थोडी प्रौढच झाली, असे आम्हांस वाटते. त्याच चित्रपटातील बालपणीच्या भागात घरात पहिल्यांदाच अननस येतो, सगळे उत्सुकतेने चाखतात, कोणालाच तो फारसा आवडत नाही, आणि ती मुलगी तेवढी हट्टाने खात राहते. चेहरे साधे, पार्श्वभूमी फिकट. आणि सगळे घर ओळखीचे. एकाच चित्रपटात साम्य आणि जीव यांची अशी फारकत क्वचित पाहावयास मिळते.

मोठ्या डोळ्यांमुळे ही पात्रे जिवंत होतात, असे एक मत वारंवार ऐकू येते. ते आम्हांस मान्य नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींचे डोळे काय लहान असतात? ठाकर समाजातील हे कलावंत सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवून, पोथीच्या क्रमाने एकेक चित्र पुढे करीत कथा गातात. ती चित्रे सुंदर आहेत. पण त्यांतील राजा हा राजा असतो, राक्षस हा राक्षस. रडणे, घाबरणे, थांबणे हे सारे गाणाऱ्याच्या कंठात असते. चित्र स्थिर, आवाज चल, अशी ती वाटणी आहे. जपानातही पूर्वी कागदी चित्रे दाखवत गोष्ट सांगणारे ‘कामिशिबाई’वाले सायकलवरून गल्लोगल्ली हिंडत, आणि ताकाहातांनी तर बाराव्या शतकातील चित्रगुंडाळ्यांमध्ये ॲनिमेशनची पूर्वपीठिका शोधणारा ग्रंथ १९९९ मध्ये लिहिला. मूळ सामग्री दोन्हीकडे बरीचशी सारखी होती. त्यांच्याकडे कथकाच्या कंठातील विराम चित्रात उतरला. आपल्याकडे तो कंठातच राहिला.

दोन्ही देशांचे हात एका कागदावर आले होते ते ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) या चित्रपटात. युगो साको यांची ही निर्मिती. दिग्दर्शनात कोइची सासाकी यांच्याबरोबर राम मोहन होते; हे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात १९५६ पासून घडलेले कलावंत. पुढे हिंदी आवृत्तीत अरुण गोविल आणि अमरीश पुरी यांचे आवाज आले. २४ जानेवारी २०२५ रोजी तो तेलुगूसह चार भाषांत पुन्हा चित्रपटगृहांत लागला. पोशाख, नगरे, वने यांच्यामागील अभ्यास जागोजाग जाणवतो. तरीही या चित्रपटातील राम आम्हांस दुरूनच वंदनीय वाटतो. त्याचा पाय कोठे अडखळत नाही, त्याला बूट बसवावा लागत नाही. श्रद्धेने रेषेवर घातलेले हे बंधन आम्ही समजू शकतो. मात्र कुंभकर्ण झोपेतून उठू लागला की त्या प्रचंड देहाला वजन येते आणि पडदा जागा होतो. त्याचे चित्र काढताना कोणाचा हात धरला गेला नसावा. सीतेच्या शोधातला वाल्मीकींचा राम झाडांना विचारत फिरतो, हे विसरून चालणार नाही. मूळ कवीला जे चालले ते चित्रकाराला का चालू नये?

आणि आमच्या राजधानीत, हैदराबादेत, तयार होणारा २००८ पासूनचा ‘छोटा भीम’? तो लाडू खातो आणि बलवान होतो. पुढे शत्रूचे काय होणार हे पाच वर्षांच्या मुलासही ठाऊक असते. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये हाकू चिहिरोला भाताचे मुटके देतो. ती एक घास घेते, दुसरा घेते, आणि मग तिला रडू कोसळते. खात-खात ती मोठमोठ्याने रडते. दिवसभर धरून ठेवलेले अन्न पोटात गेल्यावरच सुटते, हे ज्या घरांत दुःख येऊन गेले आहे त्या सर्व घरांना माहीत आहे. लाडू आणि भाताचा घास यांत अंतर आहे ते पैशाचे किंवा तंत्राचे नाही. हातातून उतरलेली रेषा असो वा संगणकातून, प्रश्न तोच राहतो. जपानातही हाताने काढलेल्या निर्जीव मालिका आठवड्याला ढिगांनी निघत आल्या आहेत. मुलांना केवळ जिंकणारी पात्रे दाखवली, तर हरलेल्या, थकलेल्या माणसाकडे पाहण्याची सवय त्यांना कोठून लागणार, ही आमची काळजी आहे.

मराठीत यासाठी सामग्री नाही असे कोणी म्हणू नये. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये न्हालेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपले ओचे धोंड्यावर पसरते, तो प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ती आई पडद्यावर आणली. पण हाताने रेखाटायची झाली तर ती आई कशी असेल? तिचा चेहरा दोन-चार रेषांत भागेल. कामातून उठताना गुडघ्यावर टेकवलेला हात मात्र काढावा लागेल, आणि ओले वस्त्र पसरण्यापूर्वी मुलाच्या हट्टाकडे पाहत ती क्षणभर थांबते ते थांबणे काढावे लागेल. सेकंदाला बारा चित्रे धरली तर दोन सेकंदांची चोवीस. त्यांतील किती चित्रांत ती हलेल आणि किती चित्रांत नुसती पाहत राहील, हे ठरवणारा चित्रकार आधी कोणत्या तरी अंगणात बराच वेळ बसलेला असला पाहिजे.