आश्रय, वेतन आणि निर्मिती: भिलाई–राजनांदगाव परिसरातील दोन उदाहरणे

व्यक्तिगत निर्मितीच्या आधाराचा प्रश्न मराठी समीक्षेत बहुधा राजाश्रय आणि लोकाश्रय या दोन संकल्पनांच्या साहाय्याने मांडला जातो. भिलाईच्या रुआबांधासारख्या इस्पात-वसाहतीत या दोन्ही संज्ञा अपुऱ्या पडतात. 1959 मध्ये पहिली झोतभट्टी कार्यान्वित झालेल्या या कारखान्याच्या नगरात आधाराचे प्रमुख रूप आहे ते मासिक वेतनाचे.

पंडवानी गायिका तीजनबाई यांचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यांचा जन्म 1956 मध्ये भिलाईजवळील गनियारी गावचा. पंडवानीत बसून गाण्याची वेदमती शैली स्त्रियांची, तर उभे राहून अभिनयासह गाण्याची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाईंनी दुसरी शैली स्वीकारली आणि जातसमाजाचा रोष ओढवून घेतला. म्हणजे ज्या लोकांनी लोकाश्रय द्यावयाचा, त्यांनीच तो नाकारला. पुढे हबीब तन्वीर यांच्यासारख्या रंगकर्मीची दाद आणि भिलाई इस्पात कारखान्यातील नोकरी त्यांना लाभली. कारखान्याला महाभारतातून काहीच साधावयाचे नव्हते, ही या आधाराची खरी बाजू होय. हातातला तंबुरा भीमाची गदा कधी होईल, हे गायिकेनेच ठरवावयाचे होते.

वेतनाचा आधार मात्र नेहमीच असा निरुपद्रवी असतो काय? याचे उत्तर त्याच लोहमार्गावर, दुर्गच्या पलीकडे, राजनांदगावी शोधावे लागते. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध शिक्षकी, पत्रकारिता, नभोवाणी अशा अनेक नोकऱ्यांनंतर 1958 मध्ये येथील दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. महाविद्यालय जुन्या राजवाड्यात, दोन तलावांच्या सान्निध्यात. कवीचे निवासस्थानही त्याच आवारात. राजाश्रयाची वास्तू आता वेतनाश्रयाला उपयोगी पडत होती! ‘अंधेरे में’ या दीर्घकवितेतील तलाव, जिने आणि काळोख्या खोल्या या परिसराशी जोडून वाचल्या जातात. परंतु त्याहून महत्त्वाचे आहे ते कवितेतील रात्रीच्या मिरवणुकीचे दृश्य. सत्तेच्या त्या मिरवणुकीत प्रतिष्ठित लेखक-पत्रकारही चालताना दिसतात. आधार घेतलेल्या बुद्धिजीवीवरचा हा आरोप स्वतः पगारी असलेल्या कवीने लिहिला आहे, आणि कवितेतील निवेदक त्यातून स्वतःला वगळत नाही. आधाराची अट कवितेबाहेर न राहता तिचा आशय बनते. 1962 मध्ये मुक्तिबोधांच्या ‘भारत: इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, तेव्हा ही भीती केवळ काव्यगत नव्हती हे स्पष्ट झाले.

याच्या उलट टोकाला श्री. व्यं. केतकर यांचा ज्ञानकोश आहे. केतकरांनी नागपुरात भागभांडवलाची कंपनी उभारून भागधारक आणि वर्गणीदार मिळविले, आणि 1927 मध्ये ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्या खटाटोपाचा वृत्तांत मांडला. वर्गणीदाराला ठरलेले खंड हवे असतात. कोशाला ही शिस्त मानवते; वर्षानुवर्षे पुनर्लेखन मागणाऱ्या दीर्घकवितेला ती मानवली असती असे वाटत नाही.

तथापि वेतनाने वेळ दिला, प्रकाशक दिला नाही. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे मराठी कवितासंग्रह ‘नवी मळवाट’ 1949 मध्ये आणि ‘यात्रिक’ 1957 मध्ये प्रसिद्ध झाले होते. थोरल्या बंधूंच्या कविता ‘तार सप्तक’ मध्ये 1943 सालीच आल्या होत्या. स्वतंत्र संग्रह मात्र, ‘चाँद का मुँह टेढ़ा है’, 1964 मध्ये निघाला. त्याच वर्षीच्या 11 सप्टेंबरला कवीचे निधन झाले होते. छापील संग्रह त्यांना पाहावयास मिळाला नाही.