बंदूकवाल्यांची तीन मते

पुण्यातील परवानाधारक गृहस्थांपाशी बंदुकीचा विषय निघाला, की तीन मते हटकून ऐकू येतात: बंदूक विकत घेणे हा स्वाभिमानी नागरिकाचा हक्क आहे, तिचा संग्रह करणे ही रसिकता आहे, आणि ती चालविणे ही कला आहे. ही तिन्ही मते एकाच दमात सांगितली जातात. परंतु त्यांची योग्यता सारखी नाही, असे आम्हांस वाटते.

पहिल्या मतास इतिहासाचा आधार देण्यात येतो. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली व युरोपीयांस मात्र सूट दिली. हा भेद अपमानकारक होता, आणि १८८७ साली मद्रासच्या काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला तो यथार्थच होय. पण त्या तक्रारीचा जीव शस्त्रात नसून समतेत होता. स्वराज्यात १९५९ साली आपल्याच संसदेने नवा कायदा केला. त्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास तीनांऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. एवढ्यावरून 'राष्ट्र निःशस्त्र झाले' अशी ओरड करणे म्हणजे पूर्वजांचे दुःख उसने आणणे होय.

संग्रहाची गोष्ट निराळी. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, शस्त्रे अशा नाना वस्तू आयुष्यभर वेचल्या, आपल्या दिवंगत पुत्राच्या नावे त्यांचे संग्रहालय उभारले, आणि १९७५ साली ते महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केले. संग्राहकाची कसोटी हीच. तोड्याच्या बंदुकीस पेटती वात लागे. सबब पावसात ती भरवशाची नव्हे, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ती जुन्या लढायांची कथा सांगेल. ज्यास केवळ तिची किंमत ठाऊक आहे, त्याच्या भिंतीवर ती मुकीच राहणार.

तिसऱ्या मताशी आम्ही सर्वस्वी सहमत आहो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला. आता नेमबाजाचे लक्ष्य कागदाचे. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा व रेल्वेच्या नोकरीतला स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर बसून, पालथे निजून व उभे राहून असा तिन्ही आसनांत नेम साधून कांस्यपदक मिळविले. तेथे पराक्रम दारूचा नव्हे, श्वास आवरणाऱ्या मनाचा आहे.

तथापि या तिन्ही मतांत एक गोष्ट आम्हांस कोठेच आढळत नाही. नळी, चाप, दस्ता यांचे वर्णन तासभर चालते. कुलपाचे नाव निघत नाही. काडतुसे बंदुकीपासून वेगळी ठेवली आहेत काय, किल्ली कोणापाशी आहे, घरातील मुलांचा हात कोठवर पोहोचतो, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. नेमबाजीच्या मैदानावर मात्र पहिला धडा हाच असतो: बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, आणि तिचे तोंड कोणाकडेही वळू देऊ नका. हा धडा मैदानावरून दिवाणखान्यात येईल, तेव्हाच आमच्या बंदूकवाल्या मित्रांच्या उरलेल्या दोन मतांस वजन येईल.