कलेतिहासाचे अध्ययन आणि कलाक्षेत्रातील व्यवसाय : ‘दृश्यकला’ खंडाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील विद्यापीठीय व्यवहारात कलेतिहास हा विषय आहे. मात्र त्याला स्वतंत्र स्थान नाही. इतिहासाच्या अभ्यासक्रमात तो राजकीय घडामोडींनंतर ‘सांस्कृतिक जीवन’ या उपघटकात येतो. चित्रकलेच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांत तो लेखी विषय म्हणून असतो आणि प्रात्यक्षिकाच्या ओझ्याखाली परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत पुढे ढकलला जातो. अध्यापकाच्या पात्रतेसाठी असलेल्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही (नेट) कलेतिहासाला स्वतंत्र विषय क्रमांक नाही. दृश्यकला या ७९ क्रमांकाच्या विषयांतर्गत रेखा-रंगकला, शिल्प, उपयोजित कला यांच्या रांगेत तो एक पर्याय म्हणून उभा आहे. सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली व राज्याचे कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले. म्हणजे कला शिकविण्याची परंपरा आपल्याकडे दीर्घ आहे. कलेविषयी पुराव्याने बोलण्यास शिकविण्याची परंपरा मात्र तितकी दृढ झाली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न केवळ ज्ञानशाखीय वर्गीकरणाचा नाही. निफाड, चांदवड, दिंडोरी या तालुक्यांतील विद्यार्थी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा मोठ्या संख्येने देतात. त्यांतील ज्याला पुढे कलेतच राहावयाचे असते, त्याच्यासमोर चित्रकला-शिक्षकाची नोकरी किंवा जाहिरातक्षेत्र हे दोनच मार्ग मांडले जातात. वस्तुसंग्रहालय, लिलावगृह, कलादालन, अभिलेखन, जतन-संवर्धन ही क्षेत्रे त्याच्या कानावर येतात ती पदवी हाती पडल्यावर, बहुधा उशिराच.

‘दृश्यकला’ खंड : एक वाचन

सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोश’ मालिकेतील ‘दृश्यकला’ हा खंड २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत कलाविषयक लेखन त्यापूर्वी नव्हते असे नाही. रावबहादूर धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे आत्मकथन कलाशाळेच्या अंतर्गत इतिहासाचे साधन म्हणून आजही अपरिहार्य आहे. द. ग. गोडसे यांच्या ‘पोत’ (१९६३) या ग्रंथाने महाराष्ट्राच्या कलाजीवनाकडे भूमीच्या अंगाने पाहण्याची दृष्टी दिली. परंतु गोडसे यांची शैली मोहक असली तरी विद्यार्थ्याने तिचे अनुकरण करणे धोक्याचे आहे. त्यांच्या अनुमानाची झेप पाहून वाचक थक्क होतो, पण ती झेप कोणत्या पायऱ्यांवरून घेतली हे त्याला क्वचितच कळते. ‘दृश्यकला’ खंडाची प्रकृती याच्या नेमकी उलट आहे. जन्म, शिक्षण, गुरू, माध्यम, प्रदर्शने, पुरस्कार अशी नोंदींची कोरडी शिस्त त्यात आहे, आणि प्रस्तुत लेखकाला या कोरडेपणाचेच मोल अधिक वाटते.

या शिस्तीचा उपयोग कोणाला झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. २०२१ मध्ये हा प्रकल्प इंग्रजीत आला, तेव्हा त्यामागे मुंबईची पंडोल आर्ट गॅलरी उभी होती. कलादालन आणि लिलाव या दोन्ही व्यवहारांत असलेली ही संस्था आहे. बाजारपेठेला महाराष्ट्रातील चित्रकारांची विश्वसनीय माहिती हवी होती आणि ती मराठीत जमविलेली होती. वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ चे एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील क्रिस्टीजच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. अशा किमतीच्या पाठीशी चित्राची सही, तारीख, प्रदर्शित झाल्याची नोंद आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची अखंड साखळी असावी लागते. ती साखळी जोडून दाखविणारा तरुण कर्मचारी म्हणजेच व्यवहारातील कलेतिहासकार होय. आपले महाविद्यालय त्याला तयार करते का, हा खरा प्रश्न आहे.

अर्थात चरित्रकोशाला अंगभूत मर्यादा आहे. त्याचे एकक व्यक्ती आहे, कलाकृती नव्हे. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला कोशात जागा नाही. मुंबई–आग्रा महामार्गावर पिंपळगाव बसवंतच्या पुढे चांदवड येथे होळकरांचा रंगमहाल आहे. त्याच्या भिंतींवरील चित्रे ज्या हातांनी रंगविली त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, म्हणून ते चित्रकार कोणत्याही चरित्रकोशात येणार नाहीत. चित्रे मात्र आहेत, आणि ऊन, पाऊस, ओल व माणसे यांचा मारा सोसत आहेत. अशा कलाकृतींची भिंतनिहाय नोंद, मापे, रंगांची स्थिती आणि छायाचित्रे हे काम व्यक्तिकेंद्री इतिहासाच्या कक्षेबाहेर राहते. विद्यार्थी ज्या परिसरात राहतो तेथील बहुसंख्य कला याच स्वरूपाची आहे.

पाहण्याची शिस्त

कलेतिहासाची पद्धत म्हणजे काय, हे शिकविण्यास नाशिकची पांडवलेणी पुरेशी आहेत. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत, तर ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील प्रसिद्ध लेख आहे. लेख बाजूला ठेवून विद्यार्थ्याला दोन्ही ओसऱ्यांतील स्तंभ नुसते पाहावयास सांगावेत. दोन्हीकडे घंटाकृती स्तंभशीर्षे आहेत. १० व्या लेण्यातील घंटेचा आकार उंच व डौलदार आहे. ३ ऱ्या लेण्यात तो आखूड व काहीसा बसका झाला आहे आणि वरच्या चौकटीच्या कोपऱ्यांवर लहान आकृती आल्या आहेत. पूर्वीचे कोणते आणि नंतरचे कोणते, याचा तर्क विद्यार्थी स्वतः करू शकतो. मग लेख वाचावेत. त्यानंतर जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या, नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्याचा उल्लेख करावा. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपली मुद्रा उमटविली होती. शैली, लेख आणि नाणी या तीन स्वतंत्र साक्षी एकच क्रम सांगतात. हे ज्याने एकदा अनुभवले त्याला ‘सातवाहनकालीन कलेची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नातील पोकळी वेगळी दाखवावी लागत नाही.

व्यवसायाची तयारीही येथूनच सुरू होते. वस्तुसंग्रहालयातील परिग्रहण नोंदवही असो, लिलावगृहाची सूची असो वा विम्यासाठीचा स्थिती-अहवाल असो, पायाभूत कौशल्य एकच आहे : समोरची वस्तू अशा शब्दांत वर्णन करणे की ती न पाहिलेल्या माणसाला ती शंभरांतून ओळखता यावी. १९९७ मध्ये जाहीर झालेले ‘ऑब्जेक्ट आयडी’ हे आंतरराष्ट्रीय मानक याच तत्त्वावर उभे आहे. चोरीस गेलेल्या मूर्तीचा शोध घेणाऱ्या पोलिसालाही हेच वर्णन लागते. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ अन्वये होणारी नोंदणीही अशा वर्णनाशिवाय अर्थशून्य ठरते. आपल्या महाविद्यालयांतून भरणाऱ्या ‘करिअर मार्गदर्शन’ शिबिरांत मुलाखतीला कसे बसावे हे सांगितले जाते, दगडाचा प्रकार कसा ओळखावा हे नाही.

जिल्ह्याच्या इतिहासातच याचा एक दाखला आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या कलाशाळेत आणि १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली, रविवर्मा यांच्या मुद्रणालयाशी ते संबंधित राहिले. चित्रपटामुळे या पूर्वायुष्याकडे दुर्लक्ष झाले. आरेखन, छायाचित्रण, मुद्रण आणि पुरावशेषांची नोंद या चार कौशल्यांचा हा प्रवास म्हणजे कलाक्षेत्रातील व्यवसायाचा शंभर वर्षांपूर्वीचा नमुनाच होय.

ज्या कलाभवनात ते शिकले, त्याचे संस्थापक सयाजीराव गायकवाड हे मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. तेथे कलेतिहास हा चित्रकलेचा जोडविषय न राहता पदवी व पदव्युत्तर पातळीवरील स्वतंत्र विषय झाला. कलावंत आणि कलेतिहासकार एकाच आवारात घडले, हे बडोद्याचे वेगळेपण. महाराष्ट्रात ते घडले नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने पुरातत्त्वाची भक्कम परंपरा उभी केली, पण प्राचीन अवशेष पुरातत्त्वाकडे आणि आधुनिक चित्र कलाशाळेकडे अशी वाटणी होऊन मधला काळ, म्हणजे मराठा वाड्यांतील भित्तिचित्रांचा काळ, दोघांच्याही हातून निसटला. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय किंवा ज्ञानप्रवाह यांसारख्या मुंबईतील संस्थांच्या अभ्यासक्रमांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. तथापि तेथील अध्ययन प्राधान्याने इंग्रजीत चालते आणि मुंबईत राहण्याचा खर्च तालुक्यातील कुटुंबाला झेपणारा नाही.

क्षेत्र प्रकल्पाची संधी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळाले आहेत. व्यवहारात या श्रेयांकांची भरपाई पुष्कळदा बँकेच्या भेटीने वा सर्वेक्षणाच्या छापील प्रश्नावलीने होते. त्याऐवजी रंगमहालाची एक भिंत, सिन्नरच्या गोंदेश्वराच्या पंचायतनातील एक उपमंदिर, किंवा गावातील एखाद्या जुन्या वाड्याचा कोरीव दरवाजा, एवढेच क्षेत्र एका गटाला द्यावे. संरक्षित स्मारकांसाठी संबंधित खात्याची परवानगी आगाऊ घ्यावी लागेल. वर्णन प्रथम मराठीत लिहावे, नंतर त्याचे इंग्रजी रूप करावे. स्तंभ, तुळई, हस्त, महिरप, छत यांसाठी स्थानिक सुतार-गवंडी कोणते शब्द वापरतात तेही टिपावे, कारण ते शब्द कोशांपेक्षा वेगाने नाहीसे होत आहेत.

अडचण मूल्यमापनाची आहे. असा प्रकल्प इतिहास विभागाकडे गेला तर परीक्षक राजवंशाचा काळ विचारतो. मराठी विभागाकडे आला तर भाषाशैली तपासली जाते. चित्राच्या थरातील भेगा आणि नंतर केलेले रंगकाम यांतील फरक विद्यार्थ्याने बरोबर ओळखला आहे की नाही, हे सांगू शकणारा बहिःस्थ परीक्षक मिळविण्यासाठी तूर्त मुंबई, पुणे किंवा बडोदा येथेच पत्रव्यवहार करावा लागेल. त्याच्या प्रवासखर्चाची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली करावयाची, हे अभ्यास मंडळाने आणि प्राचार्यांनी मिळून प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच ठरवावे.