सूर्यफुलांचा पिवळा किती दिवस पिवळा?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेलात, तर व्हॅन गॉगच्या ‘सूर्यफुलां’चा फोटो जरूर काढा, पण तेवढ्यावर पुढे सरकू नका. १८८८ चं हे चित्र पिवळ्यावर पिवळा चढवून उभं केलंय. छटांमधला बारीक फरक हाच त्याचा जीव. आणि धोका त्यालाच आहे! व्हॅन गॉग वापरायचा तो क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट. प्रकाशाने त्यातलं +६ क्रोमियम +३ होतं, रंग तपकिरीकडे झुकतो. त्याच्या चित्रांतल्या कणांवर २०११ मध्ये क्ष-किरणांनी हे दिसलं. मग चित्र संपणार का? मला नाही वाटत. जरा बाजूला सरकून बियांचे जाड, खरबरीत थर बघा. रंग उतरला, तरी त्या हाताचा जोर तिथे दिसत राहील.