पाणी कोणाच्या हातात? : मराठी लेखनातला दुष्काळ आणि जोतीरावांची तोटी

मराठी कथा-कादंबऱ्यांत दुष्काळ पुष्कळ आहे, पाण्याची वाटणी मात्र फार थोडी आहे. हे विधान मला या लेखात तपासून पाहायचे आहे. दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन, हाडे वर आलेली जनावरे आणि आभाळाकडे लागलेले डोळे येतात. हे चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. पाऊस पडला नाही एवढे त्यातून कळते. जे काही थोडे पडले ते कुठे गेले, कोणी अडवले, कोणाच्या शेतात उभे राहिले आणि कोणाच्या दारावरून निघून गेले, हे कळत नाही. शेतकऱ्याचे नशीब पुष्कळदा याच दुसऱ्या हिशेबात ठरत असते.

हा प्रश्न कोकणातल्या माणसाने विचारावा याचे घाटावरच्या वाचकांना नवल वाटेल. मी मालवण तालुक्यातल्या तोंडवलीत राहतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माण-आटपाडीकडे त्याचा जेमतेम सहावा हिस्सा. तरीही शिमगा सरला की आमच्याकडे विहिरींचे तळ दिसू लागतात. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे, उतार तीव्र आणि जांभ्याचा कातळ सच्छिद्र. आषाढातले पाणी वहाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात काही तासांत पोचते. शेजारच्या गावाचे नावच वायंगणी. ते ऐकले की पावसाळी भातानंतर वहाळाचे पाणी अडवून घेतले जाणारे दुसरे पीक, म्हणजे वायंगण, आठवते. ते बांध दर वर्षी नव्याने घालावे लागतात आणि त्याला माणसे लागतात. माणसे मुंबईला गेली की पाऊस तेवढाच राहतो, पण वायंगणाची शेते पडीक पडतात.

तोंडवली-तळाशीलच्या पट्टीची गोष्ट आणखी नाजूक आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे पुळण. अशा वाळूखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राचा साधा नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी मिळते. म्हणून उपशामुळे पातळी एक फूट उतरली, की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. एकाने मोठा पंप बसवला तर शेजाऱ्याची विहीर मचूळ होऊ शकते आणि त्याच्या माडांना ते पाणी सोसत नाही. पाऊस तोच, वाळू तीच, पण उपसणारा हात बदलला की पाण्याची गोडी बदलते. अशा जागी राहणारा वाचक दुष्काळाची कादंबरी हातात घेतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न पावसाविषयी नसतो. पाणी कोणाच्या हातात आहे, हे त्याला आधी पाहायचे असते.

जोतीरावांचा हिशेब

मराठीत हा प्रश्न फार पूर्वी आणि फार नेमकेपणाने विचारला गेला आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनने भीषण दुष्काळ पाहिला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. धर्म, नोकरशाही आणि शिक्षण यांवरील त्यातल्या टीकेची चर्चा पुष्कळ झाली. त्यातला पाण्याचा विचार मात्र अभ्यासकांनी बहुधा ‘द्रष्टेपणा’ म्हणून गौरवून बाजूला ठेवला.

तो विचार दोन भागांचा आहे. पहिला भाग पाणी अडवण्याचा. सरकारने रिकाम्या वेळी आपल्या पलटणी आणि पोलीस कामाला लावून ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतात मुरून मगच ओढ्यानाल्यांना मिळेल असे करावे, तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्यावा, पाणाड्यांकडून जमिनी तपासून पाण्याच्या जागा निश्चित कराव्यात, असे ते सुचवतात. पाणलोटाचा विकास हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी त्यातला गाभा इथे आलेला आहे.

दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कालवे खोदून सरकार पाणीपट्टी वसूल करते, पण शेतकऱ्याला वेळेवर पाणी मिळते की नाही याची जबाबदारी घेत नाही, हा जोतीरावांचा आक्षेप आहे. त्यांचे म्हणणे, प्रत्येक शेताच्या गरजेच्या मानाने एकेक तोटी बसवावी आणि त्या तोटीतून कोणालाही गरजेपेक्षा जास्त पाणी घेता येऊ नये, असा बंदोबस्त हवा. ते स्वतः सार्वजनिक बांधकामाची कंत्राटे घेतलेले गृहस्थ होते. धरणाच्या भिंतीवर न थांबता त्यांची नजर शेताच्या बांधावरच्या तोटीपर्यंत जाते, ती यामुळेच असावी. या तोटीत दोन गोष्टी एकत्र आहेत: प्रत्येकाला पाणी मिळण्याची हमी आणि कोणी जास्त घेऊ नये याची मर्यादा. पुढच्या सव्वाशे वर्षांच्या मराठी लेखनात मी ही तोटी शोधत गेलो.

चार कादंबऱ्या, चार उत्तरे

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही या वाटेवरची पहिली मोठी खूण. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला पोरगेला मास्तर, कारभारी, मोठ्या उमेदीने उभी राहिलेली तालीम आणि शेवटी पावसाने दिलेली ओढ. मेंढरे मरू लागतात, वाडी उठून जाते. माडगूळकरांचा संयम असा, की या उठून जाण्यात कुठेही हंबरडा नाही. इथे पाणी आभाळाच्या हातात आहे आणि या कादंबरीपुरते ते उत्तर चोख आहे. कालवा नसलेल्या, मेंढरांवर जगणाऱ्या वाडीत दुसरे कोणाचे नाव घेणार? माझी तक्रार माडगूळकरांशी नाही, ‘बनगरवाडी’ला नमुना मानणाऱ्यांशी आहे. त्या वाडीचे प्राक्तन आपण साऱ्या कोरडवाहू महाराष्ट्राचे प्राक्तन समजलो. जिथे धरण आहे, कालवा आहे, साखर कारखाना आहे, तिथल्या दुष्काळाकडेही आपण आभाळाचा कोप म्हणूनच पाहू लागलो.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) पाणी आभाळातून खाली उतरते आणि एका पोराच्या अंगावर येते. कागलच्या मळ्यात पिकाला पाणी पाजणारा हा मुलगा शाळेसाठी झगडतो आहे. शाळेत जायचे तर आधी मळ्यातले काम उरकायचे, अशी त्याच्या बापाची अट. पाणी पाजता पाजता तो कविता घोळवत राहतो. पाणी इथे श्रमाच्या तासांत मोजले आहे, आणि ते तास शाळेच्या तासांतून वजा होतात. मराठी आत्मपर लेखनात पाण्याची किंमत इतक्या नेमक्या मापाने क्वचितच सांगितली गेली असेल. तरीही पाणी कोणाच्या हातात, या प्रश्नाला ‘झोंबी’ घरापुरते उत्तर देते. खेच बापलेकांमधली आहे, शिवारातली नाही.

विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) प्रथमच वाटणीचा प्रश्न मोठ्या पटावर येतो. धरण होते, गाव बुडते, माणसे उठवली जातात. ज्यांच्या जमिनीवर पाणी उभे राहिले, त्यांच्याच वाट्याला पाण्यासाठी वणवण येते. पाणी आता शासनाच्या, दलालांच्या आणि लाभक्षेत्रातल्या बड्यांच्या हातात आहे. जोतीरावांनी ज्या खात्याला जाब विचारला, त्याच खात्यासमोर ही कादंबरी उभी आहे. तिचा कल मात्र उजाड होण्याकडे आहे आणि तो स्वाभाविक आहे. धरणाच्या खालच्या बाजूला, पाटाच्या शेंड्याला राहून पाण्याची वाट पाहणारा शेतकरी तिच्या चौकटीबाहेर राहतो.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) या मालिकेत शेवटची. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ कोरडवाहू शेतीत अडकतो. बियाणे, कर्ज, भाव आणि घरातला ताण अशा चारी बाजूंनी तो घेरला जातो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या काळात ही कादंबरी आली आणि त्या काळाची सर्वांत विश्वासार्ह साक्ष ठरली. तिचा भर बाजारावर आहे. नुसता पाऊस पडल्याने एकनाथ वाचणार नाही, हे ती पटवून देते आणि आभाळाला दोष देण्याची सवय मोडते. हे तिचे मोठे काम. पाणी मात्र इथे पीक बुडवणाऱ्या अनेक कारणांपैकी एक होऊन जाते.

चारही लेखक प्रामाणिक आहेत आणि चौघांची उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत: आभाळ, बाप, शासन, बाजार. पण या उत्तरांत एक नाव सुटते, ते शेजाऱ्याचे. त्याच शिवारात, त्याच पाटावर, त्याच भूजलावर जो जास्त उपसतो, तो सहसा कादंबरीचे पात्र होत नाही. सावकार झाला, पाटील झाला, तलाठी झाला; पण उसाला पाणी सोडणारा आणि खालच्या बाजूच्या विहिरीकडे न पाहणारा, एरवी सज्जन असलेला भाऊबंद आपल्या कादंबरीला अजून नीट सापडलेला नाही.

सातबाऱ्यावरची कथा

यावर एक आक्षेप येईल: कादंबरी म्हणजे पाटबंधारे खात्याचा अहवाल नव्हे, वाटणीचे गणित तिने का सोडवावे? आक्षेप योग्य आहे. पण वाटणी हे नुसते गणित नाही, ते माणसामाणसांतले नाते आहे. गावोगावच्या सातबाऱ्यांवर विहिरीचा आठ आणे, चार आणे हिस्सा नोंदलेला सापडतो. दोन भाऊ, एक विहीर आणि पाण्याची पाळी. उन्हाळ्यात एकाची पाळी वीज नसलेल्या वेळी आली, की तिथे कादंबरीचे पहिले प्रकरण तयार असते. भाऊबंदकी हा तर मराठी कादंबरीचा आवडता विषय. ती जमिनीवरून आपण शंभर वेळा लिहिली, पाण्यावरून फार कमी.

भांडणापेक्षाही दुर्लक्षित आहे ती समजूत. धुळे भागात पांझरेच्या काठी फड पद्धत होती. नदीवर छोटे बंधारे, त्यांतून निघणारे पाट आणि शिवाराचे पाडलेले फड. एका फडात सर्वांनी ठरवून एकच पीक घ्यायचे. पाणी देण्यासाठी पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी सर्वांनी मिळून एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तूटही सर्वांच्या वाट्याला सारखी यायची. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर वाटले गेले: माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क होता आणि उसाला मनाई होती. जोतीरावांची तोटी जणू इथे नियमावलीच्या रूपाने परत आली. अडीच एकरांवर थांबावे लागणाऱ्या बागायतदाराच्या मनात काय चालले असेल? ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही त्याला पाण्याचा हिस्सा मिळाला, तेव्हा गावातली बोलण्याची रीत बदलली का? हे प्रश्न कादंबरीकाराचे आहेत. माझ्या वाचनातल्या कादंबऱ्यांत मला ते भेटले नाहीत.

या उणिवेची किंमत वाङ्मयाबाहेर मोजावी लागते. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांचा अभ्यास मांडताना दाखवले, की माणसे भुकेने मरतात ती नेहमी अन्न नसते म्हणून नव्हे, तर असलेल्या अन्नावर त्यांचा हक्क पोचत नाही म्हणून. पाण्यालाही हे लागू पडते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते दृश्य देशभर पाहिले गेले. पण राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास जागा व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्यातला दोन-तृतीयांश हिस्सा पितो, ही गोष्ट त्या वाघिणींइतकी कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. दुष्काळाचे जे चित्र आपल्याला साहित्याने शिकवले, त्यात गाडी बसते, ऊस बसत नाही. मग उपायही त्याच चित्रातून निघतात: टँकर, छावणी, पॅकेज. वस्ती दाट होत जाते, पाणी तेवढेच राहते आणि वाटणीचा प्रश्न पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला जातो.

कोकणाचे नुकसान निराळे आहे. आमच्या साहित्याने माड, पोफळी, रहाट आणि मुसळधार पाऊस इतक्या प्रेमाने रंगवला, की वैशाखात हंडा घेऊन पाणंदीने जाणारी बाई त्या चित्रात मावत नाही. किनाऱ्यावर पर्यटनाची बांधकामे वाढत आहेत आणि त्यांचे पंप त्याच तरंगत्या गोड्या पाण्यात उतरतात. इथे मुबलक पाणी आहे हा समज पक्का असल्यामुळे कोणी किती उपसावे, हे विचारायचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून समीक्षकांना माझी एक सूचना आहे. ग्रामीण कादंबरीचे परीक्षण लिहिताना आपण बोलीभाषा तपासतो, अनुभवाचा अस्सलपणा तपासतो, जातवास्तव तपासतो. त्यात आणखी एक साधी तपासणी घालावी: या गावातली विहीर कोणाची आहे, पाटाचे पाणी आधी कोणाकडे जाते, शेंड्याला कोण राहतो आणि उन्हाळ्यात पहिल्यांदा कोणाचे पीक वाळते? लेखकाला याची उत्तरे ठाऊक असतील तर ती कुठल्याही प्रसंगातून आपसूक दिसतील, व्याख्यान द्यावे लागणार नाही. ठाऊक नसतील, तर ‘वास्तववादी’ हे विशेषण वापरण्याआधी आपण थोडे थांबावे. ‘शेतकऱ्याचा असूड’ अभ्यासक्रमात आहे, व्यासपीठावर आहे. त्यातली ती लहानशी तोटी उचलून तिच्यावर कादंबरी लिहिण्याचे काम अजून बाकी आहे.