शकुनातला पक्षी

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘संयुक्त विद्यमाने’ असं छापलंय. इंग्रजी पत्रिकेत त्या जागी ‘ऑस्पिसेस’ येतं. या शब्दात एक पक्षी लपलेला आहे.

लॅटिनमध्ये ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. पक्ष्यांचं उडणं पाहून देवांचा कौल सांगणारा तो ‘ऑस्पेक्स’. सैन्यात हा कौल घेण्याचा अधिकार सेनापतीचा. लढाई हाताखालच्यानं जिंकली तरी ती सेनापतीच्या ‘ऑस्पिसेस’खाली जिंकली, असं धरत. तिथूनच शब्दाला छत्र, आश्रय हा अर्थ आला. कौल अनुकूल असेल तर ‘ऑस्पिशस’, म्हणजे शुभ. आणि कौल वाईट आहे एवढं सांगून रोममधली सभाही थांबवता येई! पक्षी बिचारा आपल्या पोटामागं उडत होता. अर्थ लावला पाहणाऱ्यानं, सत्ताही त्याचीच. शब्दकोश मात्र ‘शुभ’ एवढंच सांगतो. कुणी ठरवलं, ते सांगत नाही.

आपल्याकडं वेगळं नाही. संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे मुळात पक्षी. शकुंतांनी, म्हणजे पक्ष्यांनी सांभाळली म्हणून ती शकुंतला. पुढं शकुन म्हणजे शुभचिन्ह झालं आणि पक्षी विसरला गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत आपण ताटकळतो, तेवढाच काय तो उरला.

पण पक्ष्याची जागा रिकामी राहिली नाही. तिथं आपण विधवेला उभं केलं. ती समोरून आली की अपशकुन!

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. काकतालीय न्याय फळ्यावर लिहिला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, म्हणून कावळा कारण ठरत नाही, हे पोरांना पटवलं. आणि घरच्या लग्नात विधवा बहीण हळदीच्या वेळी मागच्या खोलीत बसली, तेव्हा आम्ही गप्प राहिलो.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव चांगलाच आहे. पण शकुन पाहणारे डोळे आपल्याच घरात असतात.

सिरसाळ्यात पुढचं हळदीकुंकू होईल, तेव्हा बोलावणं कुणाकुणाला गेलं, एवढं बघा. आम्हीही आमच्या घरी बघू.