बाहेरची रात्र

मराठीत ‘बेत’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. ‘आज काय बेत?’ असे स्वयंपाकघरात विचारले, तर उत्तर पुरणपोळी किंवा श्रीखंड असे येते. तोच प्रश्न ओसरीवर विचारला, तर प्रवासाला निघायचे की नाटकाला जायचे, याचा खल सुरू होतो. ज्या भाषेने जेवणाला आणि योजनेला मिळून एकच शब्द दिला, तिच्या माणसांना जेवणापासून सुरू होऊन नाचापर्यंत पोचणाऱ्या रात्रीचे नवल वाटायला नको. पण वाटते खरे.

पुण्या-मुंबईत आता अशी उंची उपाहारगृहे पुष्कळ झाली आहेत. रात्री आठाला गेलात तर स्वच्छ टेबले, मंद दिवे आणि अदबीने वाकणारे वाढपी. दहा-साडेदहा वाजले की टेबले भिंतीकडे सरकतात, दिवे आणखी मंदावतात, ध्वनिक्षेपकांचा आवाज चढतो आणि मघाचे भोजनगृह बघता बघता नृत्यगृह होते. आमच्या घरची पुण्यात नोकरी करणारी मुले-मुली दिवाळीला अंबाजोगाईला आली, की पुढच्या अशा रात्रीचे बेत आमच्याच ओसरीवर शिजतात. टेबल आधी राखून ठेवावे लागते; चपला घालून गेलेले चालत नाही; नुसतेच मुलगे असले तर दारातून परत पाठवतात; उशीर झाला तर टेबल दुसऱ्याला जाते. लग्नाच्या याद्या करतानाही एवढा काटेकोरपणा आमच्या घरात मी पाहिलेला नाही. वडील मंडळी हे सारे ऐकतात आणि एका वाक्यात निकाल देतात : ‘आपल्यात असले काही नव्हते.’ या निकालाची छाननी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्यात असले काही नव्हते, हे विधान इतिहासाला धरून नाही. संगीत बारी आपल्यातच होती आणि आजही आहे. घरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. ढोलकीफडाचा तमाशा गावोगाव तंबू ठोकत फिरतो. त्यात गण, गौळण, बतावणी, वग असा क्रम असतो. संगीत बारीत वग नसतो. गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया, पेटी, तबला, ढोलकी असा आटोपशीर ताफा थिएटरात मुक्काम करून राहतो. पुण्याचे आर्यभूषण, दौंडकडचे चौफुला, सोलापूरकडचे मोडनिंब ही नावे जाणत्यांना परिचित आहेत. तिकीट काढून पाहायचा खेळ वेगळा आणि खोलीतली बैठक वेगळी. बैठकीत रसिक आपल्या आवडीची लावणी मागतो, तिच्यावर दौलतजादा करतो, आणि गाणारी एकेका ओळीचे पाच-सात अर्थ डोळ्यांनी, मानेने, नुसत्या बोटांनी उलगडून दाखवते. आमच्या जिल्ह्यातले शौकीनही जेवणाखाण्याचा बेत ठरवून तिकडे जात आणि पहाटे, घरातले उठण्याच्या आत, परतत. जेवण, मग गाणे, मग उशिरा परतणे : रचना तीच. फरक एवढाच, की त्या बेताची चर्चा ओसरीवर होत नसे.

रात्र बायकांनाही होती. मंगळागौरीची जागरणे होती, झिम्मा-फुगड्या होत्या, कोजागरीचे आटीव दूध होते. पण ती रात्र घराच्या उंबऱ्याच्या आत, आणि पुरुषांची रात्र गावाच्या वेशीबाहेर. दोन रात्रींची कधी गाठ पडली नाही. बहीण-भाऊ, नवरा-बायको एकाच दिवाणखान्यात बसून जेवतात आणि एकाच ठेक्यावर पावले टाकतात, ही गोष्ट नव्या उपाहारगृहाने केली. त्याच्याविरुद्ध पुष्कळ बोलता येईल. पण हे श्रेय आधी त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

या दोन रात्रींमधल्या भिंतीचा सर्वांत मार्मिक दस्तऐवज माझ्या मते ‘पिंजरा’ हा चित्रपट आहे. व्ही. शांताराम यांनी तो 1972 साली काढला. त्याचे मूळ जर्मनीत आहे. हाइनरिश मान यांची 1905 ची कादंबरी, आणि तिच्यावरून योझेफ फोन स्टर्नबर्ग यांनी 1930 साली काढलेला ‘द ब्ल्यू एंजल’. एक करडा शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना पकडायला रात्रीच्या मद्यगृहात जातो. तिथे टेबलांमधून बिअर फिरते आहे, समोरच्या लहानशा रंगमंचावर लोला गाते आहे. पकडायला गेलेला स्वतःच पकडला जातो. नोकरी जाते, तो तिच्याशी लग्न करतो, तिच्याच ताफ्यात विदूषक होतो, आणि शेवटी आपल्याच गावातल्या लोकांसमोर त्याच्या डोक्यावर अंडी फुटतात. मरतो तो आपल्या जुन्या वर्गात, टेबलाला मिठी मारून.

हे मद्यगृह मराठीत आणायचे कसे? शांतारामांच्या पटकथेने ते तमाशाच्या तंबूत आणले, आणि यातच तिची प्रतिभा दिसते. आदर्श गावाचा आदर्श मास्तर तमाशाला गावातून घालवून देतो. ताफा नदीपलीकडे जाऊन तळ देतो. त्या नदीची योजना मूळ जर्मन चित्रपटात नाही, ती अस्सल आपली आहे. कला हवी, पण नदीपलीकडे. रात्री तिकडे जायचे आणि सकाळी अलीकडे येऊन पाय धुवायचे, ही आमची जुनी व्यवस्था एका भौगोलिक खुणेत मावली आहे. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर पहिल्यांदा नदी ओलांडतो, तेव्हा त्याच्याबरोबर सबंध प्रेक्षागृह ओलांडते.

‘पिंजरा’ची दुसरी मोठी भर शेवटाकडे आहे. मूळ शिक्षक अपमानाने मरतो आणि गोष्ट संपते. आमचा मास्तर मेला अशी गावाची समजूत होते, गाव त्याचा पुतळा उभारते. आणि पुढे जिवंत मास्तरावरच त्या मास्तराच्या खुनाचा आरोप येतो. सत्य सांगितले तर पुतळा कोसळेल, म्हणून तो गप्प राहून फासावर जायला तयार होतो. वरवर पाहता हा त्यागाचा शेवट. मला तो गावावरचा आरोप वाटतो. माणूस टिकला नाही तरी चालेल, पुतळा टिकला पाहिजे, असे ज्या समाजाला वाटते, त्याला नदीपलीकडचा तंबू लागणारच.

तरीही या चित्रपटाविषयी माझी एक तक्रार आहे. मास्तराच्या अधःपाताचा हिशेब तो पैपैने मांडतो. चंद्रकलेच्या आयुष्याचा मांडत नाही. संध्याबाईंनी जीव तोडून काम केले आहे, पण चंद्रकला नाचली नसती तर काय खाल्ले असते, हा प्रश्न पटकथा विचारीत नाही. राम कदमांच्या चाली आणि जगदीश खेबुडकरांची गीते ऐकायला महाराष्ट्रातली घरेच्या घरे, आजीपासून नातवापर्यंत, चित्रपटगृहात बसली. 1959 साली अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’लाही अशीच गर्दी लोटली होती. बोधाचा परवाना हाती असला की आम्ही सहकुटुंब लावणी पाहतो. परवाना काढून घेतला की तीच लावणी अश्लील होते. आमच्या रसिकतेतला हा दुटप्पीपणा चित्रपटाने दाखवला, आणि त्याचाच फायदाही घेतला.

परवान्याचा हा खेळ पुढे कायद्यातही उतरला. 2005 साली महाराष्ट्र शासनाने मद्यगृहांतल्या नाचावर बंदी घातली. पण त्याच दुरुस्तीत तीन तारे आणि त्यावरची हॉटेले, तसेच क्लब व जिमखाने यांना सूट दिली. म्हणजे तोच नाच नदीअलीकडे शिष्टाचार, पलीकडे अनाचार. 2006 साली मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. श्रीमंतांचे चारित्र्य गरिबांपेक्षा अधिक भक्कम असते असे गृहीत धरता येणार नाही, अशा अर्थाचे न्यायालयाचे म्हणणे मला एखाद्या चांगल्या समीक्षेइतके मोलाचे वाटते. त्यानंतर 2016 साली शासनाने नवा कायदा केला आणि त्यातल्या काही जाचक अटी 2019 साली न्यायालयाने काढल्या. पण मधल्या काळात ज्यांची रोजी बुडाली त्या बायका ताऱ्यांच्या हॉटेलांतल्या नव्हत्या.

चंद्रकलेचा जो हिशेब ‘पिंजरा’त राहिला, तो एका पुस्तकात सापडतो. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 साली आले. लेखकाच्या नावातच समीक्षा आहे : जिथे बापाचे नाव येते तिथे आईचे नाव. नाचणाऱ्या आईचा हा मुलगा डॉक्टर झाला, आणि बैठकीच्या पडद्यामागे मुलांची रात्र कशी जाते ते त्याने सांगितले. भाषा अगदी साधी, बोलीच्या वळणाची. कोठे अलंकार नाही, कोठे रडगाणे नाही. 2007 साली ते अकाली गेले. दौलतजादा करणाऱ्या हातांविषयी आमच्या साहित्यात भरपूर लिहिले गेले होते. ती दौलत कोणाकोणाच्या पोटात जाते आणि कोण उपाशी राहते, हे इतक्या जवळून मी तरी प्रथम इथेच वाचले. ज्याला बाहेरच्या रात्रीचा बेत करायचा आहे, त्याने आधी हे पुस्तक वाचावे.

आता नव्या रात्रीकडे कलेच्या दृष्टीने पाहू. मुंबईच्या जुन्या उंची हॉटेलांत निदान वादक समोर बसत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक ताजमध्ये वाजवीत, आणि तेच सी. रामचंद्रांना संगीतात साहाय्य करीत. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या या संगीतकाराने 1951 च्या ‘अलबेला’त ती क्लबातली लय अशी काही मिसळली, की ज्यांनी क्लबाची पायरीही पाहिली नव्हती त्यांनी ती घरात बसून गुणगुणली. त्या रात्रीतून काहीतरी निर्माण होत होते. आजच्या नृत्यगृहात गाणी बहुधा आधी मुद्रित केलेली असतात. ती एकातून दुसऱ्यात ओवणारा कारागीर कुशल असतोही, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आवाज असा की शेजारच्याशी बोलता येत नाही. फर्माईश करावी आणि गाणाऱ्याने तुमच्याकडे पाहून ती फुलवावी, हा संवाद संपला. नाचणारे स्वतः नाचतात, ही जमेची बाजू. ऐकणारा कोणीच उरला नाही, ही खर्चाची.

आणखी एक गोष्ट बीडच्या माणसाला विसरता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, बिऱ्हाड वाहनावर चढते, पोरे वर बसतात, आणि पुढचे काही महिने त्या कुटुंबांची प्रत्येक रात्र बाहेरचीच असते, कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाच्या खोपीत. त्यांच्या कष्टाची साखर जेवणानंतरच्या गोड पदार्थात असते. हे सांगून मुलांच्या आनंदावर विरजण घालायचे नाही. पण ‘बाहेरची रात्र’ हे दोन शब्द एकाच तालुक्यात किती निरनिराळ्या अर्थांनी वापरले जातात, हे बेत करणाऱ्यांच्या कानांवर असावे.

तेव्हा माझा निकाल असा : जाणाऱ्यांनी खुशाल जावे, आणि घरच्या मुलींनी मुलांइतक्याच हक्काने जावे. लपून जाण्यापेक्षा ओसरीवर सांगून जाणे केव्हाही अधिक सभ्य. मात्र परत आल्यावर आम्ही एवढेच विचारू, की कोणी वाजवले, कोणी गायिले, कोणी वाढले, आणि पहाटे टेबले पुसणारा घरी कसा गेला? बैठकीतला जुना रसिक कितीही दोषी असो, गाणारीचे नाव त्याला ठाऊक असे. नव्या रसिकाला त्या रात्रीतले एक तरी नाव सांगता आले, तर त्याच्या पुढच्या बेताचे टेबल आम्ही वडील मंडळीच राखून ठेवू.